उकिडवं बसायला मनाई

राहुल आणि सुजाता,

तुमच्या बाबांनी सगळं कळवलं. फुटबॉल खेळताना राहुलच्या गुडघ्याची वाटी फुटली, मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घातलं आहे, आणि तो कोणाशी धड बोलत नाही. "तुझ्या आजीलाही हेच झालं होतं आणि ती बरी झाली," असं सांगून त्यांनी त्याला धीर दिला, असंही त्यांनी लिहिलं आहे.

बाबांचा हेतू चांगला होता. पण मी बरी झालेली नाही. माझा उजवा गुडघा थोडासा वाकतो आणि आतून कडी लावलेल्या दारासारखा थांबतो. इतकी वर्षं झाली, तो तिथेच थांबतो. राहुलला हे आता कळलेलं बरं. त्याच्या हातात अजून वेळ आहे, आणि माझ्या हातातून तो कसा गेला ते मला चांगलं माहीत आहे.

हे इंग्रजीत लिहिता आलं असतं. कामठीच्या मिशन शाळेत शिकलेलं इंग्रजी अजून शाबूत आहे आणि तुम्हाला ते सोपं गेलं असतं. पण यातली माणसं इंग्रजी बोलत नव्हती. इंग्रजीत घातले की तुमचे पणजोबा कोणी भलतेच गृहस्थ वाटू लागतात. तेव्हा बाबांकडून वाचून घ्या. डॉक्टरांच्या पुस्तकात असतं ते मी लिहिणार नाही. ते तुमच्याकडचे डॉक्टर चांगलं सांगतील.

हट्ट्याची बावडी

मी तेव्हा बालाघाटच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. हिवाळा सरत आला होता. मुलींना घेऊन आम्ही हट्ट्याला गेलो होतो. तिथे पायऱ्यांची जुनी विहीर आहे, जमिनीच्या पोटात खाली खाली उतरत जाणारी. एक मुलगी पाण्याला हात लावायला शेवटच्या पायऱ्यांपर्यंत गेली. तिला हाक मारत मी मागे उतरले. तिथला दगड शेवाळला होता. मी पडले ती सरळ गुडघ्यावर, पायरीच्या कडेवर. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज आला. तो मुलींनीही ऐकला, कारण सगळ्या एकदम गप्प झाल्या.

मुलगी सुखरूप वर आली. मला वर आणायला मात्र माणसं बोलवावी लागली.

इथल्या, बालाघाटच्या, सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कटोरी टूटी है, बाई. दो टुकड़े. अब पाँव सीधा रहेगा, बिल्कुल सीधा." मी विचारलं, "फिर मुड़ेगा?" ते म्हणाले, "पहले जुड़ने तो दो."

त्या दिवशी मला भीती वाटली नाही. भीती वाटायला थोडी माहिती लागते. मला एवढंच सुचलं की परीक्षेचे पेपर कोण तपासणार.

वॉर्ड

दवाखान्यातला दिवस पहाटे फिनाइलच्या वासाने सुरू व्हायचा. मग चहा, मग नर्स, मग डॉक्टर. मी नीटनेटक्या स्वभावाची, म्हणून वेळापत्रकाचा मला आधार वाटायचा. डॉक्टर उशिरा आले की मी अस्वस्थ व्हायची, जणू त्यांचा तास बुडाला.

शेजारच्या खाटेवर बिरशा गावाकडची एक मुलगी होती, तापाची. तिची आई खाटेजवळ जमिनीवर भिंतीला टेकून उकिडवी बसायची, हात गुडघ्यांभोवती गुंडाळून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. स्टूल दिलं तरी बसायची नाही. मी पडल्या पडल्या तिच्या गुडघ्यांकडे बघायची. माणूस कशाचा हेवा करेल सांगता येत नाही.

एके दुपारी प्लॅस्टरच्या आत अशी खाज सुटली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती बाई उठली, झाडूची एक काडी ओढली, धुतली आणि प्लॅस्टरच्या वरच्या तोंडातून आत सरकवली. "कहाँ?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नीचे. और नीचे." तिने नेमकी जागा गाठली. आम्ही दोघी हसलो. तिची मुलगीही तापात हसली. त्या महिन्यात मला आठवण्यासारखं सुख हे एवढंच.

प्लॅस्टर कापलं त्या दिवशी आतला पाय माझा वाटेना. मांडी वाळलेल्या दोडक्यासारखी, कातडी सोलवटलेली. डॉक्टर म्हणाले, "मोड़ो." मी गुडघ्याला मनातून हुकूम दिला. तो हलला नाही. खरी भीती मला तिथे भेटली. राहुल, तुलाही ती तिथेच भेटेल. तेव्हा असं वाटतं की वाकवला तर पुन्हा फुटेल. तसं नसतं, पण वाटतं.

नागपूरच्या बाई

इथल्या डॉक्टरांनी पुढच्या व्यायामासाठी नागपूरच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. गोंदियापर्यंत छोटी गाडी, पुढे मोठी. माझा पाय समोरच्या बाकापर्यंत आडवा, आणि येणारे-जाणारे तो ओलांडून जात. कोणी म्हणायचं, "बाई, पाँव अंदर लो ना." तुमचे आजोबा प्रत्येकाला समजावत होते. शेवटी त्यांनी समजावणं सोडून दिलं आणि माझ्या पायावर आपलं उपरणं पांघरलं.

तिथे व्यायामाचं काम एक ख्रिश्चन बाई बघत. आम्ही दोघी इंग्रजीतून बोललो, त्यामुळे त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नाही. त्या म्हणाल्या, पाय लांब करून आराम करणं हा आता तुमचा शत्रू. खुर्ची काही उपयोगाची नाही. खुर्चीत गुडघा पुरता वाकत नाही. खांब धरायचा, उकिडवं बसायला खाली जायचं, दुखेल तिथे थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या थोडं खाली. जेवायला जमिनीवर बसायचं. दिवसातून जितक्या वेळा होईल तितक्या वेळा.

"तुमच्या घरात जमीन आहे ना? मग औषध घरीच आहे," त्या हसून म्हणाल्या. मग हसू थांबवून म्हणाल्या, "पावसाळा संपेपर्यंत जेवढा वाकेल तेवढा तुमचा. त्यानंतर सांधा ऐकत नाही."

मी सगळं नीट समजून घेतलं. परतीच्या गाडीत आजोबांना मराठीतून सांगितलंही.  ते म्हणाले, "जमिनीवर? बाबांसमोर?" बाबा म्हणजे त्यांचे वडील.

आमच्या घराचा नियम

आता तुमच्या पणजोबांबद्दल सांगायला हवं. ते माझे सासरे. मी आणि माझी धाकटी जाऊ सुमन त्यांना मामाजी म्हणायचो. ते लामत्याकडच्या एका गावी कोतवाल होते. कोतवाल म्हणजे गावचा राखणदार, निरोप्या, दवंडीवाला, मेलेली ढोरं ओढणारा, सगळंच. आमच्या जातीकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम. त्या कामात मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, फाटकाशी हुकमाची वाट बघत बसावं लागे. उभं राहायचं नाही, टेकून बसायचं नाही. उकिडवं बसायचं, आणि कोणी आलं की तिथूनच जोहार घालायचा. एकदा काही चूक झाली म्हणून त्यांना दिवसभर उन्हात तसं बसवलं होतं. तुमचे आजोबा तेव्हा लहान होते. ते भाकर घेऊन गेले आणि त्यांनी ते पाहिलं.

छप्पन सालच्या दीक्षेला मामाजी नागपूरला गेले. परत आले ते कोतवाली सोडूनच. बालाघाटला मोठ्या मुलाकडे, म्हणजे आमच्याकडे, राहायला आले, आणि पहिलं काम काय केलं तर सुताराला बोलावून सागवानी खुर्च्या करून घेतल्या. आमच्या मोहल्ल्यात त्या पहिल्याच. घरात जेवण टेबलावर. पाहुणा कोणीही असो, खुर्चीवर. आणि समोरच्या सपरीत, म्हणजे रस्त्याकडच्या पडवीत, कोणी जमिनीवर बसायचं नाही. लहान मूल बसलं तरी ते उचलून खुर्चीवर ठेवायचे.

आम्हाला या नियमाचा अभिमान होता. मलाही होता. हे मी आजही खरं लिहिते आहे.

नागपूरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सपरीचा खांब धरला. घरात खांब तिथेच होते. सुमनने मागून काखेत हात घातले. मी कशीबशी थोडी खाली गेले असेन, तेवढ्यात मामाजी बाहेरून आले.

"हे का चालून राह्यलं?"

सुमन म्हणाली, "डाक्टरीनबाईनं सांगतलं, मामाजी. रोज असंच बसा लागते."

"कोनत्या डाक्टरीनबाईनं?"

"नागपूरच्या."

"नागपूरलेच मीनं कसम खाल्ली होती," मामाजी म्हणाले, "का माह्या घरात आता कोनी उकिडवं बसनार नाई."

मी म्हटलं, "मामाजी, हे औषध आहे."

"दवाई शिशीत असते, सूनबाई. जमिनीवर कोनती दवाई असते?" ते रागावले नव्हते. त्यांचा आवाज कापत होता. "रस्त्यानं लोक जाऊन राह्यले. पाह्यतीन ना. कोतवालाची सून, मास्तरीन, ते बी बसली फाटकाशी."

मी आतल्या खोलीत खाटेचा पाय धरून प्रयत्न केला. दुखल्यावर मी आवाज दाबायची, पण पूर्ण दाबला जात नसे. भिंतीपलीकडे ते ऐकायचे. त्यांनी जेवण सोडलं. एक दिवस, दुसरा दिवस. आजोबा समजवायला गेले तर म्हणाले, "मी तिले काई म्हनलं का? बसू दे. मले भूक नाई."

सत्तरी गाठलेला माणूस. तिसऱ्या दिवशी मी टेबलाशी जाऊन खुर्चीवर बसले, आणि ते जेवले.

खुर्ची

मामाजींनी मला वाऱ्यावर सोडलं नाही, हेही लिहायला हवं. त्यांनी त्याच सुताराला पुन्हा बोलावलं आणि माझ्यासाठी वेगळी खुर्ची करून घेतली. रुंद हात, उतरती पाठ, आणि समोर पाय लांब ठेवायला गादी लावलेली फळी. लाकूड त्यांनी स्वतः निवडलं. फळीची उंची मोजायला ते दोरी घेऊन माझ्या टाचेशी वाकले होते. मोहल्ल्यातल्या बायका खुर्ची बघायला आल्या.

"आता काय बापा, मास्तरीनबाई राणीच झाल्या," शेजारची म्हणाली.

"राणीले बी पाय असते," सुमन म्हणाली.

नागपूरच्या बाईंनी ज्याला शत्रू म्हटलं होतं तो असा सागवानाचा होऊन घरात आला, आणि तो देणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. नको म्हणायला मला शब्द सापडले नाहीत, मराठीतही आणि इंग्रजीतही. खाटेवर करायचे व्यायाम मी वेळ लावून करायची. पाय उचलायचा, धरायचा, सोडायचा. मांडीत थोडा जोर आला. गुडघा तिथेच राहिला.

मी शाळेत जाऊ लागले. शिकवता येत होतं. विहारात रविवारच्या वंदनेला सगळे खाली बसले की मी दाराशी उभी राहायची. स्वयंपाक चुलीवर, खाली. तो सुमनकडे गेला. हे सगळं सोसण्यासारखं होतं. एक गोष्ट नव्हती.

आमचा संडास बाडीच्या, म्हणजे मागच्या परसाच्या, टोकाला होता, खड्ड्याचा. तिथे बसायला जो गुडघा लागतो तो माझ्याकडे नव्हता. एकदा प्रयत्न केला आणि पडले. मग जुन्या खुर्चीला भोक पाडून खाली भांडं ठेवलं. ते भांडं उचलणार कोण? शहरात हे काम करणारी माणसं होती, पण मामाजी म्हणाले, "आपलं आपन उचलाचं. दुसऱ्याच्या डोक्यावर नाई ठेवाचं." ते बरोबर होतं. आम्ही ज्यातून बाहेर आलो त्यात दुसऱ्या कोणाला आम्ही ढकलणार नव्हतो. आजोबा सकाळीच कचेरीत जायचे, सुमनचा नवरा त्याच्या कामावर. मला भांडं घेऊन चालता येत नव्हतं. राहिली सुमन.

ती रोज उचलायची. आधी थट्टाही करायची. "बाई, तुमचा गुडघा वाकन ना, तवा मी मोहल्ल्यात पेढे वाटीन. कोनी इचारलं पेढे कायचे, तं सांगन सारं."

मी हसायची. मग पाऊस लागला. सुमनला दिवस गेले होते, वासाने तिला मळमळायचं. थट्टा बंद झाली. नाकाला पदर लावून ती भांडं घेऊन जायची, परत यायची, हात धुवायची, आणि चुलीपाशी बसायची. माझ्याकडे बघायची नाही. मीही बघायची नाही. माझ्यापुरता त्या गुडघ्याचा अर्थ आता एवढाच उरला होता: तो वाकला तर सुमन सुटेल. रोज सकाळी तेवढ्यासाठी मी खाटेच्या काठावर बसून तो दोन्ही हातांनी ओढायची. आजोबा संध्याकाळी आले की आधी माझ्या गुडघ्याकडे बघत, मग तोंड धुवायला जात. विचारणं त्यांनी सोडलं होतं.

मामाजी खाली आले

पावसाळा अर्ध्याहून जास्त सरला होता. एका सकाळी झड लागली होती. सुमन भांडं घेऊन बाडीत गेली. मी खिडकीतून बघत होते. चिखलात तिचा पाय सरकला. ती पडली नाही, पण भांडं तिच्या लुगड्यावर कलंडलं. ती तिथेच उभी राहिली, पावसात, हलली नाही.

मामाजी मागच्या दाराशी होते. ते चालत तिच्यापर्यंत गेले. त्यांनी भांडं तिच्या हातातून घेतलं, खड्ड्यापर्यंत नेलं, रिकामं केलं, डबक्यात धुतलं. ज्या माणसाने दुसऱ्याची घाण उचलण्याचं आयुष्य मागे टाकलं होतं त्याला मी ते करताना पाहिलं. खिडकीपासून मला दूर व्हायचं होतं, पण पाय लवकर उचलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सपरीत हाक मारली. "सूनबाई, इकडे ये."

मी काठी टेकत गेले. रस्त्यावर शाळेची मुलं, दूधवाले, सायकली. मामाजी खांबाशी उभे होते. त्यांनी धोतर सावरलं आणि सगळ्यांसमोर उकिडवे बसले. जणू कधी उठलेच नव्हते.

"ये. खाली ये."

"मामाजी, राहू द्या."

"मले सवय हाय. तुले नाई. पाह्य, टाच अशी ठेव. कंबर मागं. खांब सोडू नोको."

सुमन धावत आली आणि माझ्या मागे उभी राहिली. जमलं तेवढी मी खाली गेले. मग कडी लागली. मामाजी खालून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आनखी?"

"नाही होत."

"उद्या होईन."

ते रोज बसायचे. मोहल्ल्यातले लोक बघायचे, काहींनी विचारलंही. एकजण म्हणाला, "का बुढा, कसमीचं का झालं?" मामाजी म्हणाले, "आजारी हाय कसम." दुखायचं तेव्हा मी आता आवाज दाबत नव्हते. घामाने पाठ भिजायची. गुडघ्यात वाळू दळल्यासारखं व्हायचं. ते म्हणायचे, "ओरड. इथं कोनी मालगुजार नाई." एकदा मला वाटलं, कालपेक्षा बोटभर खाली गेले. सुमनने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिल्याच जागी थांबले. बोट बहुधा माझ्या मनातलंच होतं.

उशीर

दिवाळीनंतर नागपूरला गेलो. त्याच बाईंनी गुडघा हातात घेतला, हळूच दाबला, पुन्हा दाबला. मग माझ्या तोंडाकडे न बघता विचारलं, "जमिनीवर बसत होतात ना?"

मी म्हटलं, "पावसाळ्याच्या शेवटी सुरू केलं."

त्यांनी कारण विचारलं नाही. मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, भूल देऊन जोराने वाकवता येईल, पण वाटी पुन्हा फुटायची भीती आहे, आणि मग उभं राहणंही जाईल. आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. उभं राहून मला शिकवता येत होतं. तेवढंच घालवायचं धाडस आमच्यापाशी नव्हतं.

बाई दारापर्यंत आल्या. "आय ॲम सॉरी," म्हणाल्या. इंग्रजीतलं एवढंच वाक्य मी जसंच्या तसं ठेवते, कारण त्यांनी ते तोंडदेखलं म्हटलं नव्हतं.

घरी मामाजी सपरीतच वाट बघत होते. खांबाला त्यांनी नवी दोरी गुंडाळून ठेवली होती, माझा हात घसरू नये म्हणून. मीच सांगितलं. "मामाजी, आता होणार नाही. उशीर झाला म्हणाले."

"कितीचा उशीर?"

 त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, "पावसाळ्यापुरता."

ते "हौ" म्हणाले. बराच वेळ त्यांनी दोरीचं टोक हातात धरलं होतं.

सुमनने बाळंतपणानंतर वेगळी चूल मांडली. भांडण झालं नाही. जाण्याआधी ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "बाई, मले तुमचा राग नाई. पन आता होत नाई." मी तिला अडवलं नाही. त्यानंतर ते भांडं आजोबा पहाटे उठून उचलू लागले, कचेरीत जायच्या आधी. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. आमचं इतर बोलणंही त्या काळात पुष्कळ कमी झालं, आणि ते पूर्वीसारखं पुन्हा झालं नाही.

राहुल, तुझं प्लॅस्टर निघालं की तुझ्यावर माया करणारे लोक तुझ्या पायाखाली उशी ठेवतील. ती काढून टाक. ते रडले तरी काढून टाक. मला यापेक्षा मोठा उपदेश माहीत नाही.

बाकीचं

मामाजींनी सपरीत बसणं सोडलं नाही. मी शाळेतून आले की त्या खुर्चीत बसायची, पाय फळीवर. आता दुसरं काही बसण्यासारखं नव्हतंच. ते माझ्या शेजारी खाली, उकिडवे. मी म्हणायची, "मामाजी, वर बसा." ते म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. बरं वाटते." बरं वाटत नव्हतं. रोजच्या त्या बसण्याने त्यांचे गुडघे सुजत होते. रात्री आजोबा तेल लावून देत.

एका दुपारी रस्त्यावर छत्री घेतलेले एक म्हातारे गृहस्थ थांबले. मामाजींच्या गावच्या मालगुजारांचे ते जुने दिवानजी. कोर्टाच्या कामाला बालाघाटला आले होते. त्यांनी मामाजींना ओळखलं. मग माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आणि हसले.

"का रे कोतवाल, फिर से नीचे?"

मामाजींनी जोहार घातला नाही. उठलेही नाहीत. "हौ, दिवानजी. सुनेपाशी बसलो."

"और बहू ऊपर?"

"तिचा गुडघा मुडत नाई," मामाजी म्हणाले. "माहा मुडते."

 दिवानजी छत्री सावरून गेले. ते वळणाआड होईपर्यंत मामाजी ताठ बसले होते. मग त्यांनी उठायला खांबाकडे हात नेला. थोडे उठले आणि पुन्हा खाली बसले.

"सूनबाई, हात दे जरा."

मी हात दिला. त्यांनी घट्ट धरला. पण त्यांना ओढून उठवायला मला दोन्ही पाय जमिनीला रोवावे लागले असते, आणि माझा एक पाय समोर फळीवर लाकडासारखा पडला होता. आम्ही दोनदा जोर लावून पाहिला. त्यांचा श्वास लागला. मग त्यांनी जोर सोडला, हात सोडला नाही.

घरात कोणी नव्हतं. आजोबा यायला अवकाश होता. ते जमिनीवर आणि मी खुर्चीत, रस्त्याकडे तोंड करून आम्ही तसेच बसून राहिलो, कोणीतरी येऊन आम्हाला उठवेपर्यंत.